आयनद्रायू झोत, स्वनातीत

आयनीभूत वायूचा, म्हणजे आयनद्रायूचा अथवा प्लाझ्माचा, ध्वनीहून अधिक वेगाने एकाच दिशेस जाणारा अरुंद प्रवाह. येथे ध्वनीचा वेग त्याच आयनद्रायूतील घ्यावयाचा असतो व प्रवाहाचा वेग आणि हा वेग यांच्या गुणोत्तरास माख अंक म्हणतात. असा झोत भोवतालच्या वायूवर आदळला म्हणजे त्याचा वेग, आकार व ऊर्जा यांचे काय होते, हा प्रश्न प्रथम ज्योतिषशास्त्रात उद्‌भवला. प्रयोगशाळेत तो हाताळणे विसाव्या शतकाच्या अखेरीस शक्य झाले. महाराष्ट्रात या अभ्यासाचे प्रमुख स्थान पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आहे. तेथील खोडद या गावी असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण दूरच्या दीर्घिकांतून निघालेले झोत व त्यांनी मागे ठेवलेले आयनद्रायूचे ढग यांचे वेध घेते. प्रयोगशाळेतील झोत एका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता टिकतो, तर आकाशातील झोताचे आयुष्य कोट्यवधी वर्षांचे असते. पहिल्यात घटना आरंभापासून पाहता येते, तर दुसऱ्यात बहुधा तिचा परिणाम तेवढा दिसतो. या दोहोंची सांगड कशी पडत गेली, हाच या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय. [⟶ आयनद्रायू भौतिकी, रेडिओ ज्योतिषशास्त्र].

प्रारंभीचे शोध : हीबर कर्टिस या अमेरिकन ज्योतिर्विदांनी १९१८ मध्ये लिक वेधशाळेतून एम ८७ या दीर्घिकेची छायाचित्रे घेतली, तेव्हा तिच्या केंद्रापासून निघालेली एक सरळ प्रकाशरेषा त्यांना आढळली. तिचा अर्थ त्या वेळी लागला नाही. पुढे याच दीर्घिकेतून प्रबळ रेडिओ तरंग येतात, हे कळल्यावर तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. व्हाल्टर बाडे यांनी १९५६ मध्ये या रेषेचा प्रकाश ध्रुवित असल्याचे दाखविले. त्यावरून हा प्रकाश तप्त ताऱ्यांचा नसून चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे सिंक्रोट्रॉन प्रारण या प्रकारचा आहे, हे निश्चित झाले. ही दीर्घिका सु. ५.४ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्रस्थ कृष्णविवराची प्रतिमा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

दुसरा शोध इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे लागला. आर. सी. जेनिसन व मूळचे बंगालचे मृणालकुमार दासगुप्ता यांनी १९५३ मध्ये व्यतिकरणमापनाने असे दाखवून दिले की, हंस तारकासमूहातील सिग्नस ए या प्रबळ रेडिओ उद्गमाचे प्रारण एका ठिकाणाहून न येता परस्परांपासून दूर असलेल्या दोन खंडांतून येते. दृश्य दीर्घिका या दोन खंडांच्या मध्यभागी असते. दीर्घिकेबाहेर लाखो प्रकाशवर्षांवर ही ऊर्जा कशी पोहोचली, हे कोडे त्यातून उभे राहिले. एकाच स्फोटात ती बाहेर फेकली गेली असे मानल्यास इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाटेतच संपावयास हवी होती. १९७४ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड व मार्टिन रीस यांनी, तसेच स्वतंत्रपणे पीटर शॉयर यांनी, केंद्रातून दोन विरुद्ध दिशांना सतत वाहणाऱ्या झोतांमुळे हे खंड पोसले जातात अशी उपपत्ती मांडली. त्याच वर्षी बी. एल. फॅनारॉफ व जूलिया रायली यांनी रेडिओ दीर्घिकांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात तेज केंद्राजवळ असून बाहेर मंदावत जाते, तर दुसऱ्यात खंडांची बाहेरची टोके सर्वांत तेजस्वी असतात.

झोत व वायू यांची आंतरक्रिया : स्वनातीत झोताच्या पुढचा वायू वेळीच बाजूला सरू शकत नाही, कारण दाबातील बदलाची वार्ता ध्वनीच्या वेगानेच पुढे जाते. त्यामुळे झोताच्या टोकापुढे धनुष्याच्या आकाराचा आघात तरंग तयार होतो व तो भोवतालच्या वायूला दाबून तापवितो. झोतातील द्रव्यही टोकाशी दुसऱ्या एका आघातात थबकते. हाच खंडाच्या टोकाशी दिसणारा तप्तबिंदू होय. थबकलेले द्रव्य मागे व बाजूंस पसरून झोताभोवती एक कोश बनविते. दीर्घिकेच्या दोन बाजूंचे हे कोश म्हणजेच निरीक्षणात आढळणारे दोन खंड होत.

टोक किती वेगाने पुढे सरकेल, हे मुख्यत्वे दोन्ही द्रव्यांच्या घनतांवर अवलंबून असते. झोत व वायू यांची घनता समान असेल, तर टोकाचा वेग झोताच्या वेगाच्या निम्मा असतो. झोत वायूहून शंभरपट दाट असेल, तर टोक झोताच्या वेगाच्या दहा-अकरांश इतक्या वेगाने पुढे घुसते. याउलट झोत शंभरपट विरळ असेल, तर टोकाचा वेग झोताच्या अकराव्या भागाएवढाच राहतो व बहुतेक ऊर्जा मोठा कोश फुगविण्यात जाते. प्रकाशवेगाजवळील झोतांना या सूत्रात सापेक्षीय दुरुस्ती करावी लागते. तथापि दाट झोत भाल्यासारखा घुसतो व विरळ झोत कोश फुगवितो, हा निष्कर्ष कायम राहतो. १९८२ मध्ये एम. एल. नॉर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर विरळ झोताची प्रतिकृती सिद्ध केली, तेव्हा असाच कोश निर्माण झाला.

कल्याण ते खोडद : भारतात या विषयाला उपयुक्त अशी साधने उभारण्याचे श्रेय प्रामुख्याने गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांना दिले जाते. होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या लहान तबकड्यांची मालिका त्यांनी १९६५ मध्ये मुंबईजवळील कल्याण येथे उभी केली व तिच्या साहाय्याने सूर्याचे वेध घेतले. त्यानंतर १९७० मध्ये तमिळनाडूतील उदकमंडलम् येथे ५३० मी. लांब व ३० मी. रुंद अशी दुर्बीण पूर्ण झाली. चंद्रबिंबाआड उद्गम झाकला जाताना त्याचे तेज कसे घटते, यावरून तिने अनेक रेडिओ दीर्घिकांची सूक्ष्म रचना मोजली. चंद्राच्या मार्गाबाहेरील उद्गमांना मात्र ही पिधान पद्धती लागू पडत नव्हती.

विषुववृत्तावर याहून मोठी दुर्बीण उभारण्याची आंतरराष्ट्रीय योजना स्वरूप यांनी आखली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. १९८४ च्या सुमारास त्यांनी देशातच, मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात काम करणारा अनेक तबकड्यांचा संच उभारण्याचा प्रस्ताव मांडला. विश्वाच्या आरंभकाळातील हायड्रोजनाचा शोध व स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास हे त्यामागील प्रमुख हेतू होते. रेडिओ दीर्घिकांचा अभ्यास त्यांच्या जोडीला होता. प्रकल्पास १९८७ मध्ये मान्यता मिळाली. जागेची निवड करताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाचे अल्प प्रमाण, दळणवळणाची सोय, पुण्यातील शिक्षणसंस्था व उद्योग यांचे सान्निध्य आणि अक्षांश या बाबी पाहण्यात आल्या. खोडदचे अक्षांश सु. १९° उ. आहे. भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेस असल्याने तेथील आयनांबर बऱ्यापैकी शांत असते व तरीही दक्षिण आकाशाचा मोठा भाग दिसतो. जुन्नर तालुक्याला अशा साधनांची ओळख आधीच झाली होती. परदेशी दळणवळणासाठीचे उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये याच तालुक्यातील आर्वी येथे सुरू झाले होते.

दुर्बिणीची रचना : खोडद हे पुण्याच्या उत्तरेस सु. ८० किमी., पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगावच्या पूर्वेस आहे. येथील दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अन्वस्तीय तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती सु. १ चौ. किमी. क्षेत्रात असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय या अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत. त्यांतील दक्षिण भुजा आंबेगाव तालुक्याच्या दिशेने जाते. दोन तबकड्यांतील कमाल अंतर सु. २५ किमी. आहे. झोतांच्या अभ्यासात या मांडणीला विशेष महत्त्व आहे. जवळजवळच्या तबकड्यांमुळे विस्तृत व अंधुक खंड नोंदले जातात, तर दूरच्या तबकड्यांमुळे झोत व तप्तबिंदू यांचे बारकावे वेगळे दिसतात. हे दोन्ही एकाच निरीक्षणात साधते.

एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याचा भार पेलण्यासाठी अवजड सांगाडा लागला असता. स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या तारदोरांवर अगंज पोलादाच्या बारीक तारेची जाळी बसविण्याची युक्ती योजिली. मीटर तरंगांना जाळीची छिद्रे जाणवत नाहीत व वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे खर्च पुष्कळ कमी झाला. तबकड्यांचे काम १९९५ च्या सुमारास पूर्णत्वास आले व ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जागतिक वैज्ञानिक समुदायास अर्पण करण्यात आली. तिचे संचालन पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे असून हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग आहे. आरंभी ती सु. १५० ते १,४५० मेगॅहर्ट्‌झ दरम्यानच्या काही निवडक अरुंद पट्ट्यांत काम करीत असे. २०१० नंतरच्या दशकात तिच्या ग्राहक यंत्रणेत सुधारणा होऊन हा टप्पा जवळजवळ सलग झाला.

खोडद येथील निरीक्षणे : कमी कंप्रतेचा लाभ सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या स्वरूपात आहे. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा जितकी अधिक, तितकी ती लवकर खर्च होते. झोत बंद पडला की उच्च कंप्रतेचे प्रारण आधी मावळते व कमी कंप्रतेचे मागाहून. एकाच चुंबकीय क्षेत्रात १५० मेगॅहर्ट्‌झचे प्रारण देणारे इलेक्ट्रॉन १,४०० मेगॅहर्ट्‌झच्या इलेक्ट्रॉनांच्या सु. तिप्पट काळ टिकतात. म्हणून विझलेल्या झोतांचे अवशेष मीटर तरंगांतच प्रकर्षाने दिसतात.

याचे ठळक उदाहरण भुजंगधारी तारकासमूहातील दीर्घिका-समूहाचे आहे. हा समूह सु. ३९ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्यातील तप्त वायूत एक वक्र कडा असल्याचे चंद्रा या क्ष-किरण उपग्रहाच्या चित्रांत दिसले होते. २०१६ मध्ये ती झोताने पाडलेल्या पोकळीची कडा असण्याची शक्यता विचारात घेतली गेली. परंतु एवढी पोकळी पाडण्यास लागणारी ऊर्जा अवास्तव वाटल्याने ती मागे पडली. २०२० मध्ये सिमोना जाचिंतुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदची व ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथील कमी कंप्रतेची निरीक्षणे क्ष-किरण चित्रांशी ताडून पाहिली. तेव्हा पोकळी जुन्या रेडिओ आयनद्रायूने भरलेली असून त्याची सीमा वायूच्या कडेशी जुळते, असे आढळले. त्यापूर्वी ज्ञात असलेल्या सर्वांत प्रबळ उद्रेकाच्या सु. पाचपट ऊर्जा येथे खर्ची पडली होती. झोत केव्हाच थांबला होता. त्याचा पुरावा फक्त वायूतील खाच व कमी कंप्रतेचे मंद प्रारण एवढाच उरला होता.

झोत थांबून पुन्हा सुरू होतात, याचीही उदाहरणे येथे अभ्यासली गेली. अशा दीर्घिकांत जुन्या खंडांच्या आत खंडांची नवी जोडी दिसते. धृबज्योती सैकिया, चिरंजीब कोनार व व्ही. के. कुलकर्णी यांनी २००६ मध्ये अशा एका प्रचंड उद्गमाचे वर्णन प्रसिद्ध केले. नवा झोत आंतरदीर्घिकीय वायूत न जाता जुन्या झोताच्या विरळ कोशातून जातो. त्यामुळे भोवतालची घनता बदलल्यास झोताचे काय होते, हे पाहण्याची संधी निसर्गच उपलब्ध करून देतो. याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडणारा पुरावा पुणे येथील गोपाल-कृष्ण व अमेरिकेतील पॉल विटा यांनी २००० मध्ये पुढे आणला होता. काही उद्गमांची एक बाजू फॅनारॉफ–रायली यांच्या पहिल्या वर्गात व दुसरी दुसऱ्या वर्गात मोडते, हे त्यांनी दाखविले. केंद्र एकच असल्याने दोन बाजूंतील फरक भोवतालच्या वायूमुळे पडला असावा, हे अनुमान त्यातून बळकट झाले.

जॉयदीप बागची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एका सर्पिल दीर्घिकेतून निघालेल्या व सु. ५२ लाख प्रकाशवर्षे पसरलेल्या झोतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खोडदची निरीक्षणे वापरलेली होती. २०२४ मध्ये यूरोपातील लोफार दुर्बिणीने शोधलेली, सु. २.३ कोटी प्रकाशवर्षे लांबीची झोतजोडी जाहीर झाली. ती कोणत्या दीर्घिकेतून निघाली, हे ठरविण्यास खोडदच्या निरीक्षणांचे साहाय्य झाले.

प्रयोगशाळेतील झोत : आकाशातील झोतावर प्रयोग करता येत नाही, त्याची घनता वा भोवतालचा वायू बदलून पाहता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रबळ लेसर व विद्युत् स्पंद यांचा उपयोग सुरू झाला. अमेरिकेतील लिव्हरमोर येथील नोव्हा व जपानमधील ओसाका येथील गेको या लेसरांनी पोकळ शंकूच्या आतील पृष्ठ तापवून आयनद्रायूचे झोत निर्माण करण्यात आले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये सर्गेई लेबेदेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंकूच्या आकारात मांडलेल्या बारीक धातुतारांतून सु. दहा लाख अँपिअर प्रवाहाचा स्पंद सोडला. तारांपासून निघालेला आयनद्रायू अक्षावर एकवटून सेकंदास सु. २०० किमी. वेगाचा झोत बनतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असे दिसले की, टंगस्टनासारख्या जड मूलद्रव्याचा आयनद्रायू अधिक प्रारण देऊन निवतो व म्हणून त्याचा झोत अधिक अरुंद राहतो. पुढे आडव्या आयनद्रायू वाऱ्यात असा झोत वाकतो, हेही दाखविण्यात आले. दीर्घिका-समूहांतील वाकलेल्या शेपटांच्या रेडिओ उद्गमांशी याचे साम्य आहे.

भोवतालच्या वायूचा परिणाम थेट तपासणारे प्रयोग प्राग येथील ॲस्टेरिक्स लेसरावर झाले. फ्रेंच, पोलिश व चेक संशोधकांनी धातूच्या लक्ष्यापासून निघणारा, सेकंदास ४०० किमी.हून अधिक वेगाचा व दहाहून अधिक माख अंकाचा झोत हीलियम अथवा आर्‌गॉन यांच्या फवाऱ्यात सोडला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हीलियम हलका वायू आहे, तर आर्‌गॉन जड असून आघाताने तापल्यावर भरपूर प्रारण देतो. प्रारणाने ऊर्जा निघून गेली म्हणजे आघातातील वायूचा दाब टिकत नाही व तो पातळ, दाट थरात दबतो. वायू बदलला की आघाताची रचना बदलते, हे येथे एकाच झोताबाबत पडताळता आले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अतिलघू लेसर स्पंदांनी घन लक्ष्यावर आयनद्रायू निर्माण करून त्यातील चुंबकीय क्षेत्रांचा संक्षोभ मोजण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१२ व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. यात झोत व वायू यांची टक्कर घडविलेली नव्हती. तथापि रेडिओ खंडांतील चुंबकीय क्षेत्रे गुंतागुंतीची कशी होत असावीत, या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. अशा रीतीने एकाच संस्थेच्या कार्यात मेजावर मावणारा प्रयोग व २५ किमी. पसरलेली दुर्बीण अशी या विषयाची दोन्ही टोके येतात.

तुलनेची अट व मर्यादा : मिलिमीटरभर झोताची तुलना ज्योतिषीय झोताशी करण्याचा आधार डी. डी. र्‌यूतोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केला. श्यानता व उष्णतावहन नगण्य असतील आणि वेग, घनता व दाब यांतून सिद्ध होणारा परिमाणरहित अंक दोन्हीकडे समान असेल, तर दोन प्रवाहांची उत्क्रांती सारखीच होते. केवळ काळाचे माप बदलते. उदा., सेकंदास २०० किमी. वेगाच्या झोतास १ मिमी. अंतर तोडण्यास ५ अब्जांश सेकंद लागतात. त्याच वेगाच्या नवजात ताऱ्याच्या झोतास प्रकाशवर्षाचा दहावा भाग तोडण्यास सु. १५० वर्षे लागतात.

नवजात ताऱ्यांच्या झोतांना ही तुलना चांगली लागू पडते. रेडिओ दीर्घिकांच्या बाबतीत मात्र ती अपुरी आहे. त्यांचे झोत प्रकाशवेगाजवळचे व भोवतालच्या वायूहून पुष्कळ विरळ असतात, तर प्रयोगशाळेतील झोत बहुधा वायूहून दाट असतात. म्हणून आघात, वाकणे व निवणे यांचे नियम प्रयोगशाळेतून मिळतात. विरळ झोताने फुगविलेल्या कोशाचे पुढे काय झाले, याचे उत्तर मात्र दुर्बिणीकडूनच घ्यावे लागते.

परिसर व रेडिओ शांतता : खोडदला नोंदले जाणारे आकाशीय संकेत अत्यंत क्षीण असतात. विद्युत् वाहिन्यांवरील ठिणग्या, दूरचित्रवाणीची वर्धक साधने व भ्रमणध्वनीचे मनोरे यांचे तरंग त्यांहून कितीतरी प्रबळ असतात. त्यामुळे जुन्नर व आंबेगाव या शेतीप्रधान तालुक्यांतील विकास आणि दुर्बिणीची गरज यांचा मेळ घालणे हा सतत पुढे येणारा प्रश्न आहे. पुणे–नाशिक रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून नेल्यास वेधकार्यात व्यत्यय येईल, हा मुद्दा २०२४-२५ मध्ये पुढे आला व मार्ग बदलण्याचा विचार झाला. स्थानिक मागणी मात्र मूळ मार्गाचीच राहिली. रेल्वेपासून वंचित असलेल्या भागाची ही मागणी रास्त आहे, तसेच मीटर तरंगांतील शांतता एकदा गेली की ती परत मिळविणे दुष्कर आहे, हेही खरे. राष्ट्रीय विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीस, खोडदची वेधशाळा लोकांना खुली केली जाते व परिसरातील विद्यार्थी तेथे आपले प्रयोग मांडतात. दुर्बीण व गावे यांचा संबंध त्यामुळे केवळ निर्बंधांपुरता राहिलेला नाही.

एस. के. ए. या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या उभारणीतील सहभागास भारत शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. तिचे संच दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथील विरळ वस्तीच्या प्रदेशांत उभारले जात आहेत. खोडदची दुर्बीण मात्र नांदत्या गावांच्या मधोमध आहे. विझलेल्या झोतांचे मंद प्रारण तिला यापुढे किती काळ नोंदता येईल, हे यंत्रणेइतकेच या परिसराच्या नियोजनावर अवलंबून आहे. [⟶ क्वासार, दीर्घिका, लेसर].